मंडळाच्या मधोमध टांगलेला मी

मित्रांनो, मी एक जुना सांगानेरी पडदा आहे. पडद्याचं कामच झाकायचं, त्याला कसली आली लाज, असं तुम्ही म्हणाल. पण मला वाटते. सांगतो.

जयपूरजवळच्या सांगानेरला एका लांब टेबलावर मला पसरलं आणि लाकडी ठशांनी माझ्या अंगभर डाळिंबं उमटवली. ठसा ठेवायचा, वरून मुठीचा दणका द्यायचा. मग मी धुतला गेलो, उन्हात वाळलो, आणि जयपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या मराठी मंडळाने मला विकत घेतलं. गणपतीत मुलांची नाटकं व्हायची, तेव्हा त्यांच्यापुढे मी असायचो. मी सरकलो की टाळ्या पडत. टाळ्या मुलांसाठी असत, हे मला कळायचं. तरी त्यातल्या थोड्या मी स्वतःकडे ठेवून घेई. उंदीरमामा झालेला एखादा घाबरलेला मुलगा माझ्यात तोंड खुपसून आईला शोधायचा. फार छान दिवस होते ते.

यंदा गणपतीत आनंदरावांचं व्याख्यान होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते चिनी विचारवंतांचं वाचत असतात. विषय होता, स्त्री-पुरुषांच्या जवळिकीबद्दल कन्फ्यूशियसचे लोक आणि ताओवादी काय म्हणतात. फळ्यावर तो वाचून अध्यक्ष आप्पासाहेबांचे कान लाल झाले.

"अहो, लेकीसुना बसणार समोर! निदान मधे पडदा तरी टाका."

"आप्पासाहेब, चीन आधीच लांब आहे. आणखी पडदा कशाला?" आनंदराव म्हणाले.

सगळे हसले, पण आप्पासाहेब हटले नाहीत. नाटकाचा मी, मला सभागृहाच्या मधोमध तारेवर टांगलं. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. आमच्या मंडळात असं कधी झालं नव्हतं.

मला अगदी खेटून सुरुची बसली होती. तिचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. शेजारी तिची आई प्रतिमाताई. होणारा नवरा अभिनव माझ्या पलीकडे.

आनंदराव बोलू लागले. कन्फ्यूशियसच्या वाटेने जाणारे म्हणत, नवरा-बायकोचं नातं हे बाकीच्या नात्यांचं मूळ. तिथे आदर आणि मर्यादा हवी. पुढे मर्यादेचे नियम इतके वाढले, की परक्या स्त्री-पुरुषांनी हातातून हातात वस्तूही द्यायची नाही. ताओवादी, म्हणजे निसर्गाच्या चालीने जगणारे, म्हणत, देह निसर्गाचा, त्याची कसली लाज? पण हाव नको, आणि जबरदस्ती तर कशावरच नको.

सुरुची माझी कड मुठीत धरून पिळत होती. "आई," ती कुजबुजली, "घरी विचारलं की तू कुकर बघायला उठतेस. आता इथे विचारते."

"सुरुची, गप बस."

पण ती उभी राहिली. "काका, मतलब... लग्नानंतर बायकोला जवळीक नको असेल, तर तिचं 'नको' चालतं का?"

कुणीतरी उगाच खोकलं.

"बायकांनी प्रश्न नंतर, खासगीत विचारावेत," आप्पासाहेब म्हणाले.

मागून एक बाई पुटपुटल्या, "काय धीट बाई ही!"

आणि पलीकडचे सगळे पुरुष माझ्याकडे बघू लागले, माझ्या डाळिंबांतून त्या मुलीचा चेहरा दिसतो का म्हणून. मित्रांनो, तेव्हा वाटलं, तारेवरून निसटून कुठेतरी बोळा होऊन पडावं. नाटकातली मुलं लपायची ती माझ्या आधाराने. हिला मात्र मी गुन्हेगारासारखं उभं केलं होतं.

आनंदरावांनी हातातली टिपणं खाली ठेवली. "पोरी, खरं सांगतो. मी जेवढं वाचलं, त्यात बाईला कुणी विचारल्याचं मला आढळलं नाही. दोन्हीकडे लिहिणारे पुरुषच. पण मला विचारशील, तर न विचारता आदर कसा होईल? आणि नको असताना झालं, तर ती जबरदस्तीच."

"थँक्यू काका. पण मला तिकडे बसलेल्या एकाचंही ऐकायचंय."

पलीकडे खसखस पिकली. हसणाऱ्यांत अभिनव आहे की नाही, हे तिला कळेना. तिने माझी कड पुन्हा मुठीत आवळली.

तेव्हा प्रतिमाताई उठल्या. त्यांचे गाल तापले होते, डोळे खाली होते. तशाच त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढून भिंतीशी सारलं. "मला जावयांचं तोंड बघू द्या," त्या म्हणाल्या.

अभिनव उभा होता. हसत नव्हता. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

"तुझं 'नको' चालतं," तो म्हणाला. "मी विचारीन. पण सुरुची, मला हे बोलता येत नाही गं. घरात कुणी बोललंच नाही कधी."

"मलाही नाही येत," प्रतिमाताई लेकीला म्हणाल्या. "पण आज घरी गेल्यावर बसू आपण. मी उठणार नाही."

सुरुची खाली बसली आणि रडली. या वेळी मात्र कुणी खोकलं नाही.

आता मी मंडळाच्या कपाटात घडी होऊन पडलोय. त्या संध्याकाळची लाज अजून धुतली गेलेली नाही. मित्रांनो, मला खिडकीला लावा, जयपूरच्या उन्हात मी फार कामाचा. कपडे बदलताना ओढून घ्या. तेवढं झाकणं चांगलंच असतं. पण घरातलं कुणी धीर करून काही विचारत असेल, तर आधी मला गोळा करून बाजूला बांधा. विचारणाऱ्याला समोरचा चेहरा दिसायला हवा.