उजवा दाणा

सकाळी चिकटवलेले दोन्ही दाणे दुपार झाली तरी खंडोबाच्या खांद्यांवरच होते. हात जोडून बसलेला गणूदादा शेवटी कंटाळून उठला.

"नाय पडत. देवाच्या मनात नाय अजून. फुडच्या आयतवारी पाहू."

"मागल्या आयतवारी पन हेच बोललास, दादा," त्याचा धाकटा भाऊ रघू म्हणाला.

"मंग? देवाला घाई करतोस?"

दादा कुदळ घेऊन फुटलेला बांध बघायला गेला, आणि रघू आपल्या बायकोच्या, कमळच्या उशाशी बसला.

त्याला घराची मागची भिंत पाडायची होती, एवढंच. वैशाखरे गावातलं ते घर आजोबांनी थेट दरडीला टेकवून बांधलेलं. त्यात माती वाचली म्हणे. पण आषाढ लागला की डोंगराचं पाणी त्या भिंतीतून आत पाझरायचं ते पार दिवाळीपर्यंत. भिंतीवर वरून पांढरी बुरशी, खालून काळी. मातीत कालवलेल्या तुसातला एखादा चुकार दाणा भिंतीतच रुजायचा. गोधड्या, सूप, कमळचं लग्नातलं लुगडं, सगळ्यांना एकच कुबट वास. त्या खोलीत कमळ तीन पावसाळे खोकत पडली होती.

बाहेर पडवीत निजवावं तर आजाऱ्याला वारा लागू द्यायचा नाही, हा गावचा कायदा. पुढच्या खोलीत दादाचं बिऱ्हाड. तेव्हा कमळने आतच पडायचं, दार लोटून, शेगडीशेजारी. उन्हाळ्यात ती उठायची, लाकूडफाटा आणायची, जावेशी भांडायचीसुद्धा. आषाढात पुन्हा अंथरूण धरायची. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. रघूला तर दिसतच होतं. भिंत पाडावी, मागे चर खणून पाणी ओढ्याकडे काढून द्यावं, नवी भिंत दरडीपासून सुटी घालावी, असं त्याचं सगळं मनात ठरून होतं.

पण त्याच भिंतीत देवळी, आणि देवळीत खंडोबाचा गोल दगड. देव हलवायचा तर कौल हवा. दगडाच्या दोन खांद्यांवर भिजवलेले तांदूळ चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार, काहीच पडलं नाही तर थांबायचं. थोरल्याने लावायचा कौल, तो दादाने लावला. तीन पावसाळे दाणे जिथल्या तिथे. उन्हाळ्यात भिंत सुकायची, कमळ हिंडूफिरू लागायची, मग देवाला उगाच कशाला विचारा. माणसं अशीच असतात, दुखलं की देवाकडे बघतात आणि थांबलं की विसरतात.

कमळला डोळा लागला होता. जर्मनशी चाललेल्या लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून खोलीत भरदुपारीही अंधार. रघू देवळीपाशी गेला आणि त्याने सहज दगडावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. भिंतीसारखाच देवही ओलाचिंब होता.

तो तसाच उभा राहिला. ओल्या दगडावरचा दाणा पडणार कसा? तीन पावसाळे आपण हात जोडून कशाची वाट बघितली, या विचाराने त्याला हसू आलं.

त्याने शेगडी उचलून देवळीत ठेवली. दगडातून वाफ निघू लागली. हळूहळू त्याचा रंग फिका पडला, आणि एक दाणा सुटून खाली आला.

डावा.

आयुष्यात तो देवाशी कधी खोटं वागला नव्हता. मागे कमळ खोकली, तशी त्याने डावा दाणा उचलला, तांब्यात बुडवला, पुन्हा जागच्या जागी चिकटवला आणि उजवा नखाने पाडला. शेगडी खाली घेतली.

"काय करताव?" कमळने विचारलं.

"उजवा पडला गो."

"खरंच?"

"खरंच."

तिने निजल्यानिजल्याच हात जोडले. तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना.

संध्याकाळी दादाने दाणा पाहिला आणि देवळीपुढे डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी कमळचं अंथरूण त्याने स्वतः आपल्या खोलीत नेलं, देवही तिथेच पाटावर बसवला, आणि भिंतीवर पहिली कुदळही त्यानेच घातली. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. आतली माती पिठाच्या गोळ्यासारखी होती. भर पावसात दोघा भावांनी चर खणला. पाणी खळखळ ओढ्याकडे निघालं तेव्हा कमळ आतून म्हणाली, "जाऊ दे मेलं. लय दिस रायलं घरात."

नवी भिंत दसऱ्यापर्यंत उभी राहिली. कमळ कार्तिकात गेली. भात खळ्यावर आलं होतं, ऊन चांगलं पडत होतं. तिच्या छातीत मात्र तीन पावसाळे मुरले होते, ते काढायला कुदळ चालत नाही.

पुढच्या आषाढात आठवडाभर झड लागली. रघू आतल्या खोलीत एकटाच बसलेला पाहून दादा आत आला.

"किती दिस असा बसशील? तुजा काय दोस नाय रे. देवानं सांगितलं, तू केलंस."

"देवानं डावा दिलावता, दादा."

दादाला आधी कळलंच नाही. रघूने शेगडीपासून नखापर्यंत सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

"म्हंजे कोपच झाला म्हन की," दादा खाली बसत म्हणाला. "म्हून गेली ती."

"भिंतीला हात लाव."

"काय?"

"लाव हात."

दादाने कोरड्या भिंतीवर पंजा टेकवला. बाहेर पाऊस कोसळत होता.

"इचारायलाच नको व्हतं आपन," रघू म्हणाला. "पैल्याच साली पाडायची व्हती."

दादाने हात भिंतीवर तसाच ठेवला. मग काढून घेतला आणि धोतराला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.