शेखचा शब्द

जनरल मुवफ्फकने कॉफीचा कप तोंडाला लावला नाही. समोर चटईवर ठेवून दिला. तंबूतली कुजबुज थांबली. मागणं घेऊन आलेला पाहुणा कप असाच ठेवतो आणि यजमानाने शब्द दिल्याशिवाय त्याला हात लावत नाही.

मागणं सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर जनरलच्या डोक्यात राष्ट्राध्यक्षपद शिरलं होतं, आणि उमेदवारीचं घोडं अडलं होतं याच टोळीच्या सह्यांवर. मुदत उद्या संपत होती. सकाळपासून जनरलचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"प्या जनरलसाहेब," शेख धैफुल्ला म्हणाला. "उद्या आमची झाडून सगळी माणसं सह्या द्यायला निवडणूक कचेरीत येतील. शब्द दिला."

इतकं सोपं? जनरलने एका घोटात कप संपवला. शेजारच्या नायफने, त्याच्या मेहुण्याने, हळूच त्याची मांडी दाबली.

तेवढ्यात म्हाताऱ्या शेखने स्वतःचा भरलेला कप चटईवर ठेवला.

"अहो शेख, हे काय! आपल्याच घरात?" नायफ हसला.

"लाज वाटते खरी. पण तुम्ही दुसरीकडे भेटणार कुठे?" शेख जनरलकडे वळला. "माझ्या पोराला, सक्रला, तुमच्या शिपायांनी लष्करी नाक्यावरून नेलं. जिवंत द्या म्हणत नाही. कुठे पुरलाय तेवढं सांगा. त्याच्या आईला फातिहा वाचायला कबर हवीय."

जनरलला जागा ठाऊक होती. पण सांगायची म्हणजे आपल्याच हाताने उमेदवारीवर धोंडा घालायचा.

"निवडणूक होऊ द्या. मग बघू, इन्शाअल्ला."

"बरं," शेख म्हणाला. त्याची कॉफी तशीच राहिली.

"म्हातारा बिथरला," परतताना नायफ करवादला. "उद्या काळं कुत्रं फिरकणार नाही, बघा!"

सकाळी कचेरीपुढचा रस्ता खरोखरच ओस होता. नायफ घड्याळ बघत येरझारा घालत होता. गाडीत बसलेल्या जनरलला मात्र चक्क बरं वाटत होतं. नकोच यायला कुणी, म्हणजे त्या म्हाताऱ्याचं देणंही उरणार नाही. उमेदवारी गेली खड्ड्यात!

मग ट्रक आले, एकामागून एक. माणसं उतरली, गुपचूप रांगेत लागली. ना घोषणा, ना शिवी.

"जिंकलो!" नायफ ओरडला.

शेखचा हात धरून सक्रची आई गाडीपाशी आली. जनरलला काच खाली करावी लागली.

"मला लिहिता येत नाही, साहेब," ती म्हणाली. "अंगठा कुठे लावायचा तेवढं सांगा."

ती खिडकीशी उभीच राहिली.