घाणेरीचा पाला

आई गेली त्या आठवड्यात मेंढरं दोन दिवस उपाशी राहिली. २००५ चा फेब्रुवारी होता. छातीत कळ येऊन ती तासाभरात गेली. मी पुण्याहून नांद्याला पोहोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ दत्ताने मेंढरं सोडली. आमच्या चराईच्या रानाला इमारतींसाठी कुंपण पडलं होतं आणि त्याच्या कडेला हिरवी होती ती फक्त घाणेरी. पोट भरलेलं मेंढरू तिला तोंड लावत नाही. या वेळी दोन भुकेल्या मेंढ्यांनी ती खाल्ली.

एक सहाव्या दिवशी मेली. दादांनी, माझ्या वडिलांनी, तिला फाडून पाहिलं. यकृत सुजून पिवळट पडलं होतं, पित्ताची पिशवी पेरूएवढी.

दुसरी आईची होती, बाटलीने वाढवलेली. तिचे डोळे पिवळे झाले, कान सुजले, नाकावरची कातडी तडकली.

"कावीळ हाय. कानामागं डाग द्या," साळूआत्या म्हणाली.

"डागू नका. तिला अंधार हवाय," मी म्हणाले.

"मेंढी हाय का वटवाघूळ?"

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले होते. थोडं वाचलंही होतं. घाणेरीतलं विष यकृतातून पित्त वाहू देत नाही. चाऱ्यातल्या हिरव्या रंगापासून पोटात एक द्रव्य तयार होतं. एरवी ते पित्ताबरोबर निघून जातं. तसं झालं नाही, तर ते रक्तातून कातडीत उतरतं, आणि ऊन पडलं की कातडी भाजते. पोटही थांबतं, म्हणून पाला आतच राहतो आणि विष झिरपत राहतं. औषधी कोळशाची पूड पाण्यातून पाजायची, उन्हाची तिरीपही लागू द्यायची नाही. आईच्या वेळी मला असं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरात ऊन न येणारी खोली एकच होती, आई गेली ती. तिथे तिचा दिवा तेवत होता.

"तितं मेंढी?" आत्या म्हणाली. "लेंड्या टाकंल. वहिनी काय म्हणंल?"

दादा म्हणाले, "म्हणंल, आदी का न्हाई आणली."

आम्ही दिवा उंच फळीवर ठेवला आणि मेंढीला आत घेतलं. दर चार तासांनी मी तिला नळीने कोळशाचं पाणी पाजत होते. तीन दिवस ती मान टाकून पडून होती. तिच्या कुशीला कान लावला तर आत काहीच हलत नव्हतं.

दहाव्याला पहाटे पुरुष नदीवर गेले. आत्या खोली धुवायला बादली घेऊन आली आणि दारातच थांबली. आतून चावण्याचा आवाज येत होता.

"रवंथ करतीया," ती हळूच म्हणाली.

"पोट सुरू झालंय. पण यकृत भरून यायला वेळ लागेल. अजून पंधरा दिवस तरी खोली बंद ठेवावी लागेल."

"आन् आज येणारी मान्सं कुटं बसायची?"

"अंगणात."

तिने दार पुढे लोटलं, जेमतेम हात जाईल इतकी फट ठेवली आणि बादली माझ्याकडे सरकवली.

"मग ह्ये पाणी तिलाच पाज."