शिंगीने काटा मारला नाही

मी एक जुने हातजाळे आहे मित्रांनो, आणि माझा कोणावर पटकन भरवसा बसत नाही. हा स्वभाव मला विणणाऱ्याकडून आला असावा. लटारूभाऊंनी माझा दोरा अहेरीच्या आठवडी बाजारातून आणला, तो आधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवला, मग दाताखाली धरून ओढून पाहिला. "दुकानदार म्हणते पक्का हाय. आपण पाहाले नको का?" असे ते पुटपुटले होते. बांबूच्या तीन काठ्यांची त्रिकोणी चौकट आणि तिच्या मागे लोंबणारी जाळीची झोळी, एवढाच माझा देह. विणून झाल्यावर त्यांनी मला आपल्या सुनेच्या, धुरपताच्या हाती दिले.

आमच्या भागात नाल्यातले मासे बहुतेक बायकाच धरतात. उन्हाळ्यात नाल्याची धार तुटते आणि जागोजाग लहान डोह उरतात. कमरेएवढ्या पाण्यात उतरून मला तळाशी टेकवायचे आणि पुढे ढकलत न्यायचे. समोरून दुसऱ्या दोघी पाय आपटत येतात, मासे घाबरून माझ्या झोळीत शिरतात. त्या दोघी म्हणजे बुधरी आणि उर्वशी. बुधरी पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहते. उर्वशी गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नऊ उन्हाळे मी या तिघींसोबत पाण्यात गेले. त्यांची चेष्टामस्करी ऐकली, त्यांच्या बोटांना लागलेला चिखल चाखला. माझ्याइतके मासे दुसरे कोणतेच जाळे देत नाही, असे धुरपता चारचौघींत सांगायची, तेव्हा मलाही बरे वाटायचे.

पण मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. बुधरी म्हणाली होती, "खालच्या डोहात काईच नाई. मी पाहून आली." आम्ही परत फिरलो. दुसऱ्या सकाळी त्याच डोहातून तिच्या भावाने, दसरूने, टोपलीभर मरळ मासे काढून नेले. धुरपता त्याबद्दल तिला एका शब्दानेही बोलली नाही. वरवर हसून बोलायची, पण त्या दिवसापासून बुधरीचे प्रत्येक वाक्य ती मनातल्या मनात उलटून पाहायची. खरे सांगते, मीही तेच करत होते.

यंदा चैत्रात आम्ही पुन्हा निघालो. धुरपताला घाई होती. तिची सून दीपिका सात महिन्यांची गरोदर होती आणि तिच्या पोटात अन्न टिकत नव्हते. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "आई, शिंगीचा रस्सा खावासा वाटते." कित्येक दिवसांनी तिने काहीतरी मागितले होते. शिंगी म्हणजे कल्ल्यांपाशी विषारी काटा असलेला मासा; तिच्या रश्श्याने अंगात ताकद येते असे आमच्याकडे मानतात. म्हणून त्या दिवशी रिकाम्या हाताने परतायचे नाही, असे धुरपताने ठरवले होते.

डोहाशी पोचलो तेव्हा सगळे शांत होते. नको इतके शांत. धुरपताने मला पाण्यात टेकवले आणि जेमतेम चार पावले ढकलले, तोच झोळी जड झाली. मासे घाबरून पळत येतात तेव्हा माझ्या दोऱ्यांना धक्के बसतात, शेपट्या आपटतात. या वेळी तसे काहीच झाले नाही. ते नुसते येऊन पडले, जणू कोणी झाडाखालची पाने गोळा करावीत. मला तेव्हाच शंका आली, पण जाळ्याने ओरडावे कसे?

"आठ शिंग्या! एकाच खेपेत!" धुरपता हरखली. तिने हात घालून एकेक उचलली आणि टोपलीत टाकली.

बुधरी मात्र थांबली. ती धुरपताच्या हाताकडे पाहत होती.

"धुरपता, शिंगीनं तुले काटा काऊन नाई मारला?"

"मारला नाई तं चांगलंच झालं नं!"

"जित्ती शिंगी काटा मारल्याबिगर हातात येत नाई." बुधरी वाकली. काठावरच्या दगडांत तिने बोटे घातली आणि एक खेकडा बाहेर काढला. तो उताणा होता, पाय आखडलेले. दुसराही तसाच. पाण्याच्या कडेला पांढरे पडलेले झिंगे साचले होते. "पाण्यात काईतरी टाकलं हाय कोणी. फेकून दे मच्छी."

"मच्छी गुंगवाले झाडाची साल टाकली असन. तुमच्या टोल्यावर टाकतेत नं? ते खाऊन कोणी मरत नाई."

"सालीचा वास मी वळखतो. हा वास औषधाचा हाय. फवारणीचा."

धुरपता सरळ उभी राहिली. वर्षभर गिळलेले शब्द आता तोंडाशी आले. "मले फेकाले लाव, अन मंग तुझा दसरू येऊन घेऊन जाईन. मागच्या वर्षीसारखा!"

उर्वशी म्हणाली, "बाई, भांडू नका वो." पण तिचे कोण ऐकते? बुधरीने टोपली उचलली आणि वाळूत पालथी केली. पायाने वाळू लोटून मासे पुरले. धुरपताने रागाने मला उचलले आणि घराची वाट धरली.

मित्रांनो, एक गोष्ट बाकी दोघींना दिसली नव्हती. माझ्या झोळीच्या टोकाला, दुमडलेल्या घडीत, दोन शिंग्या अडकून राहिल्या होत्या. धुरपतालाही त्या हाताला लागल्या होत्या. तिने त्या काढल्या नाहीत. वरून ओला पदर टाकला आणि चालत राहिली. मी त्या बेजान माशांना पोटाशी धरून चालले होते, आणि प्रथमच मला बुधरीपेक्षा धुरपताचा संशय येत होता.

घराच्या अंगणात शिरलो, तर मागून पावले वाजली. बुधरी होती. वाटभर ती मागे मागे आली होती.

"आता काऊन आली तू?" धुरपताने विचारले.

"जाळं झटक."

"काय?"

"माझ्यासमोर जाळं झटक, धुरपता. मंग जातो मी."

दीपिका दारात येऊन उभी राहिली होती, एक हात पोटावर. धुरपता हलली नाही. तेव्हा बुधरीने काठी धरून मला स्वतःच उलटे केले. दोन्ही शिंग्या अंगणात पडल्या.

मग बुधरी खालच्या आवाजात म्हणाली, "मागच्या वर्षी मी खोटं बोलली. दसरूच्या घरी पाहुणे येणार होते, त्यानं मले डोह राखाले सांगून ठेवलं होतं. माझं चुकलं. पण आज मी खोटं नाई बोलून राह्यली."

धुरपता त्या माशांकडे, मग सुनेच्या पोटाकडे पाहत राहिली. मग ती ओट्यावर बसली. "मले वास आला होता," ती म्हणाली. "मलेही आला होता वो."

त्या दुपारी उर्वशी तिघीचौघींना घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला गेली. झुडपात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. बिनकष्टाने मासे मिळावेत म्हणून कोणीतरी ती डोहात ओतली होती. उर्वशीने मोबाईलवर फोटो काढून सरपंचांना पाठवला, गुराख्यांना निरोप दिला. पाण्याकडे निघालेली गुरे वेळेवर वळवली म्हणून वाचली. ओतणारा कोण, ते मात्र कळले नाही. गावात महिनाभर प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहत होता.

मी भिंतीच्या खुंटीवर लटकत राहिले. कोणी हात लावला नाही. पावसाळ्यात नाला दोन्ही काठ भरून वाहिला, डोह धुऊन निघाले. दीपिकाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मला उंदराने दोन जागी कुरतडले, याची खबर कोणालाच नव्हती. थंडीत धुरपताने मला खाली काढले, भोके पाहिली आणि मला घेऊन थेट टोल्यावर गेली. बुधरीने काही न विचारता दोरा आणला. दोघी मिळून शिवत बसल्या.

मित्रांनो, पाणी मुके असते. त्यात कोणी काय ओतले ते पाणी सांगत नाही, म्हणून तुम्हीच नीट पाहा, वास घ्या, विचारा. संशय येण्यात पाप नाही. पण तो पदराखाली झाकून घरी नेऊ नका, तोंडावर बोलून टाका.

आता नाला पुन्हा आटून डोह उरले आहेत, आणि उद्या आम्ही वरच्या डोहावर जाणार आहोत. बुधरी पुढे जाऊन खेकडे जिवंत आहेत का ते पाहणार आहे. मग धुरपता जाऊन तेच पुन्हा पाहणार आहे. आणि आता यात दोघींपैकी कोणालाच राग येत नाही.