फक्त हात दिसतील असा

"चेहरा दिसायला हवा, की नुसते हात?" वीरराजूनं विचारलं आणि हैमावतीनं हातातली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

बिचाऱ्याचा प्रश्न साधाच होता. राजमहेंद्रीच्या बाजारात फोनचे स्टँड विकणाऱ्यानं दुसरं काय विचारायचं? "चेहरा हवा असेल तर हा पाच फुटी पुरे. वरून नुसती जमीन आणि हात हवे असतील, तर हा सात फुटी, आडव्या दांडीचा. पण पायाला वाळूची पिशवी अडकवायची हं अम्मा, नाहीतर फोन थेट रांगोळीच्या पिठात."

"हात," हैमावती म्हणाली आणि शेजारी उभ्या असलेल्या जावेकडे तिनं पाहिलं नाही.

हैमावतीच्या प्रसिद्ध व्हिडिओंतले हात या थोरल्या जावेचे होते, सत्यवेणीअक्काचे. सुरुवातीला रेशमी साडी नेसून "नमस्कार, मी तुमची हैमा" म्हणायचं ते हैमावतीनं. मग चित्र बदलायचं, जमिनीवर तांदळाच्या पिठाचे ठिपके पडायचे आणि त्यांना वळसे घालत न तुटणारी रेघ फिरायची. चाळीस हजार लोक तो मुग्गू बघून आपापल्या दारात रांगोळी काढत होते. हात माझेच, असं हैमावती कधी बोलली नव्हती. नाहीत, असंही बोलली नव्हती. यात खोटं काय, असं ती रोज स्वतःला समजावायची आणि ते तिला एकदाही पटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी थोरले दीर गेले. तेव्हापासून घराच्या दारात अक्कानं मुग्गू काढणं बंद झालं. सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, फक्त पिठाचा डबा हैमावतीकडे सरकवला. हैमावतीची रेघ बैलगाडीच्या चाकोरीसारखी. मग अक्का गच्चीवर एकटीच काढत बसायची, आणि तिथंच हैमावतीला व्हिडिओचं सुचलं. दुसऱ्याच व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं, सणाचा मुग्गू आणि हात रिकामे कसे? हैमावतीनं डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या, अक्कापुढे ठेवल्या, म्हणाली, "व्हिडिओपुरत्याच." अक्कानं त्या भरल्या. काम झाल्यावर एकेक करून उतरवल्या. तेवढा वेळ हैमावती फोनमध्ये उगाच काहीतरी शोधत बसली होती.

आजवर स्टुलावर उभं राहून तीच फोन धरायची. हात थरथरायचे, नाहीतर मध्येच अक्काचं डोकं चित्रात यायचं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. धनुर्मास सुरू झाला होता. या महिन्यात सारा मुलूख पहाटे दारात वाकलेला असतो. उंच स्टँड हवाच होता. किती उंच, हे अक्कालाच कळणार, म्हणून तिला बरोबर आणलं होतं.

"तुम्ही हैमा ना?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून वीरराजूची आई माणिक्यम्मा म्हणाली. "मघापासून म्हणतेय, आवाज ओळखीचा कसा. आमच्या गल्लीत रोज तुमचाच मुग्गू असतो बाई. राजू, पिठाची वाटी आण. उंची बघायचीय ना? मग इथं दारातच काढून बघू दे. आमचंही दार पावन होईल."

नाही म्हणायला तोंड उरलं नाही. वीरराजूनं स्टँड उभा केला, दांडीला फोन लावला. हैमावतीनं पंधरा ठिपके ठेवले. रेघ सुरू केली, आणि चौथ्या वळणावर ती वाट चुकली.

"मनगट दुखतंय आज," ती पुटपुटली.

"दे, मी करते," म्हणत अक्का खाली बसली. कामाचं काम, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं. तिनं चुकलेली रेघ बोटानं पुसली, चिमटीत पीठ घेतलं, दोन वळणं घेतली. रेघ लगेच शहाण्यासारखी चालू लागली.

माणिक्यम्मा पुढे वाकली. तिनं ते हात पाहिले, कपाळ पाहिलं.

"तुम्ही नको अम्मा," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका. धंद्याचं दार आहे, त्यात सणाचा महिना."

अक्काची चिमूट तशीच राहिली. तिनं वर पाहिलं ते माणिक्यम्माकडे नाही, हैमावतीकडे.

काय बोलायचं ते हैमावतीला ठाऊक होतं. तुम्ही रोज दारात काढता तो यांचाच मुग्गू आहे. एवढंच. वाक्य जिभेवर आलंही. त्याबरोबर ते चाळीस हजार लोकही डोळ्यांपुढे आले, आणि कुणाचे हात, कसले हात, विधवेचे का, असं विचारू लागले.

"उठा अक्का," हैमावती म्हणाली. "माझं मनगट बरंय आता."

अक्का उठली. हैमावतीनं तिची वळणं पुसून तिथं कुणालाही येतं तसलं एक कमळ काढलं. मान वर करवत नव्हती.

"आज साधंच काढलंत," माणिक्यम्मा कौतुकानं म्हणाली, "पण हात तो हातच."

वीरराजूनं विचारलं, "मग कुठला देऊ?" हैमावती बोटांचं पीठ पदराला पुसत राहिली.

"सात फुटी बांधा," अक्का म्हणाली. "त्यात माझं डोकं येत नाही."

रिक्षात दोघींच्या मध्ये ते लांबट खोकं आडवं होतं. कोटिपल्ली बसस्टँड मागे पडला. शेवटी हैमावतीच्या तोंडून एकदाचं बाहेर पडलं, "मी बोलायला हवं होतं, अक्का."

"हो," अक्का म्हणाली.

जाऊ दे, असू दे, असं काहीतरी ती पुढे म्हणेल म्हणून हैमावती वाट पाहत राहिली. घर आलं. अक्कानं खोक्याचं एक टोक उचललं आणि दुसरं तिनं धरावं म्हणून थांबली.