चोवीस पांढऱ्या रेघा

पवनचक्कीची पाती मिनिटाला पंधरा फेरे घेतात. जनित्राला हवे असतात दीड हजार. एकाला घाई नाही, दुसऱ्याला दम नाही, आणि मध्ये गिअरबॉक्स. दोन्ही घरांचे धक्के मधल्याने सोसायचे आणि गरम झाला तर त्यालाच बोल लावायचे. मिस्त्रींना हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्यांची मुलगी साइटवरच्या साहेबांना दिली होती.

साइटवर ते जावयाला 'साहेब' म्हणत, घरी जावई त्यांना 'मामा' म्हणे. अडचणीचं काम असलं की साहेब साइटवरही 'मामा' म्हणत.

पात्यांकडून येणारा जाड दांडा गिअरबॉक्सच्या पोकळ तोंडात शिरतो. वरून चोवीस बोल्टांची कडी त्याला आवळून धरते. बोल्ट एका दमात आवळायचे नसतात. गोल फिरत, प्रत्येकाला थोडं थोडं, अशा वीस फेऱ्या. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून कडीपर्यंत पांढरी रेघ ओढायची. बोल्ट फिरला की रेघ तुटते. रेघ ओढायची ती ज्याने पाना धरला त्यानेच, असा मिस्त्रींचा नियम. अठ्ठावीस वर्षांत त्यांची एकही रेघ तुटली नव्हती. बढाई मारायला त्यांच्याकडे एवढं एकच होतं.

हा पाना तेलाच्या दाबावर चालतो. त्या दिवशी पाच फेऱ्या झाल्या आणि तो दाब देणारा पंप बंद पडला. सकाळी मिस्त्री दुसरा पंप घेऊन आले, तर चोवीसही बोल्टांवर रेघा. पट्टी लावून ओढल्यासारख्या सरळ. गिअरबॉक्स मनोऱ्यावर चढवायला क्रेनचा हूक वर लटकत होता.

"मामा, बोल्ट आवळल्याच्या कागदावर सही तेवढी करा."

"रेघा कोणी ओढल्या?"

"मी. मुख्य कार्यालयाला रात्री फोटो हवे होते."

"आणि बोल्ट?"

"घट्ट की सैल, ते फोटोत दिसत नाही."

"पंधरा फेऱ्या राहिल्यात, साहेब. अर्धा दिवस द्या."

"वर चढवल्यावर मारू की."

"वर गेल्यावर कोण मारतंय? वर गेल्यावर सगळे खाली बघतात."

साहेब बाजूला गेले, फोनवर बोलले. पाच मिनिटांत मिस्त्रींचा फोन वाजला. मुलगी.

"बाबा, करून टाका ना सही. कालपासून घरात धड बोलत नाहीत. राग सगळा माझ्यावर निघतो. तो बोल्ट काय तुमचा सख्खा आहे?"

सख्खी कोण, ते मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांनी सही केली. पंधरा फेऱ्या वर गेल्यावरही झाल्या नाहीत. दर आठवड्याला त्यांनी पंप मागितला, तो दर आठवड्याला दुसऱ्या साइटवर असे.

नवव्या आठवड्यात गिअरबॉक्स ओरडू लागला, दहाव्यात गप्प झाला. दांडा आतल्या आत घसरून तोंड खरवडून गेलं होतं. चौकशीला तिघांची समिती बसली. साइटची माहिती असलेला माणूस हवा म्हणून त्यात साहेबही होते.

अध्यक्षांनी निष्कर्ष वाचला. सतरा रेघा तुटलेल्या आढळल्या. ज्या अर्थी तुटल्या, त्या अर्थी आधी अखंड होत्या. म्हणजे बसवताना काम चोख होतं, पुढे देखभालीत बोल्ट सैल पडले. देखभाल मिस्त्रींकडे.

"रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला, एवढंच," मिस्त्री म्हणाले. "आधी आवळला होता, हे रेघ कुठं सांगते?"

"ते तुमची सही सांगते."

मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. साहेब कागदांचे कोपरे जुळवत होते. खरं सांगितलं तर साहेबांची नोकरी जाणार, आणि साहेबांचा राग कुठं निघतो ते मिस्त्रींनी ऐकलं होतं.

"असेल," ते म्हणाले.

निवृत्तीला चौदा महिने होते; ते चौदा दिवसांवर आले. पंधराव्या दिवशी जावई मुलीला घेऊन घरी आला. मुलगी चहा करायला आत गेली.

"मामा, आता फक्त आराम," जावई म्हणाला. मग त्याने जरा संकोचून एक परिपत्रक पुढे केलं. "सगळ्या साइटना गेलंय. म्हटलं, तुम्ही बघावं."

यापुढे प्रत्येक फिटरने रेघांचा फोटो जोडणं सक्तीचं होतं. रेघा कशा असाव्यात हे कळावं म्हणून खाली एक नमुना छापला होता: चोवीस बोल्ट, चोवीस रेघा, एकीलाही बाक नाही.

मिस्त्रींनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"हात चांगला आहे तुमचा, जावईबापू," ते म्हणाले.

जावई लाजला.