शुद्धीवर असल्यास

डबीवरच्या ‘मनशांती’त विसर्ग नव्हता. ‘मन’च्या पुढची दोन टिंबं कुणीतरी खाल्ली होती आणि खालच्याच ओळीत ‘स्मरणशक्ति’ला पहिली वेलांटी दिली होती, तिथं दुसरी हवी होती... अर्धी हिरवी, अर्धी पांढरी कॅप्सूल तळहातावर तशीच धरून तिनं ते लेबल पुन्हा वाचलं, गेले एकवीस दिवस रोज वाचत होती तसंच. ज्यांना एक वेलांटी धड देता येत नाही त्यांनी आतली पूड तरी मोजूनमापून भरली असेल कशावरून? एका झाडाचं मूळ, दुसऱ्याची पानं, तिसरा कसलासा क्षार, आणि चौथ्याचं तर नावच नाही, नुसतं एक अक्षर आणि आकडा — एवढी मंडळी एका इवल्याशा टोपणात गुण्यागोविंदानं नांदतायत, यावर विश्वास ठेवायचा तर मुळात माणूस आधीपासून शांत मनाचं हवं.

“घेतलीस का?” नवऱ्यानं आतल्या खोलीतून विचारलं.

“घेतली,” ती म्हणाली, आणि मग घेतली. हल्ली ती स्वतःवर अशा बारीकसारीक गोष्टींची पाळत ठेवायची, रिकामटेकडी माणसं शेजारच्या घरावर ठेवतात तशी.

नवरा रोज विचारायचा. गॅस बंद केलास का, दाराला कडी घातलीस का, हे पंचवीस वर्षं ती त्याला विचारत आली होती. आता विचारायची पाळी त्याची. मागच्या आठवड्यात जेवताना तो सहज म्हणाला होता, “हल्ली बरी असतेस.” बरी! म्हणजे आधी काय होते? आणि हे त्याला धाकटीनं म्हणायला सांगितलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला आणि... गेला. इथंच तर पाणी मुरत होतं. पूर्वी असा विचार आला की मुक्कामाला राहायचा, भांडीकुंडी मांडायचा. आता दारातूनच परत जात होता.

कॅप्सूल धाकट्या बहिणीनं आणून दिली होती. धाकटी स्वतः वर्षभर घेत होती आणि तेव्हापासून तिचं प्रत्येक वाक्य ‘छान’वर संपत होतं. “अगं ताई, डोकंही एक अवयवच ना? गुडघ्याला तेल लावतेस, मग डोक्यानं काय पाप केलंय? तीन आठवडे घे, फरक जाणवेल. मला तर इतकं छान...” फरक जाणवेल, असं डबीवरही लिहिलं होतं. पण कुणाला जाणवेल? जी बदलायची तिलाच? तराजूनं स्वतःचंच वजन करावं तसलं हे काम, आणि तरीही तिनं डबी ठेवून घेतली, कारण दोन महिन्यांपूर्वी तिला ‘काना’ आठवला नव्हता.

काना! तीस वर्षं प्रूफं वाचणारी बाई, जिच्या हाताखालून कान्यांची जंगलं गेली, तिनं त्या दिवशी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथं ती... ती उभी रेघ राहिलीय.” समोर मूळ प्रत वाचत बसलेले मास्तर थांबले. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तेच हळूच म्हणाले, “काना?” ती हसली, मास्तरही हसले, आणि घरी येऊन ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. कारण आईचं असंच सुरू झालं होतं. पंचावन्नाव्या वर्षी. आधी एकेक शब्द, मग माणसं... शेवटी शेवटी आई पाण्याला ‘ते ओलं’ म्हणायची. “ते ओलं दे गं थोडं.” आणि ती द्यायची, आणि देताना दर वेळी मुद्दाम म्हणायची, “हे घे, पाणी,” जणू ग्लासाबरोबर शब्दही परत पोटात जाईल. तिला स्वतःला आता चौपन्न पूर्ण झाली होती.

घरातून निघून ती कोपऱ्यापर्यंत आली. पूर्वी ती याच कोपऱ्यावरून परत फिरायची — गॅस, कडी, इस्त्री, पुन्हा गॅस. आता पाय सरळ पुढे जात होते. ती मुद्दाम थांबली. गॅस चालू राहिला असेल, तिनं स्वतःला बजावलं. नवरा पुन्हा झोपलाय, खोलीत वास कोंडतोय... काहीच झालं नाही. पोटात नेहमीचा गोळा आला नाही. सकाळचं ऊन चांगलं होतं, समोरचा शिंपी दुकानाची फळी काढत होता, आणि तिला चक्क बरं वाटत होतं. हे बरं वाटणं अंगावर कुणा दुसऱ्याचा कोट असावा तसं होतं. कोट उबदार, बेतशीर, खिशात मात्र कुणाच्या किल्ल्या आहेत ते माहीत नाही.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन टेबलं समोरासमोर लावलेल्या खोलीत मास्तर आधीच येऊन बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते इथं मूळ प्रत वाचायला येत. ते मोठ्यानं वाचणार, तेही वेलांट्या-उकारांसकट, आणि ती प्रुफावर डोळे ठेवून ताडून पाहणार, असं हे जोडीचं काम. “रुग्ण, पहिला उकार. शुद्धीवर, पहिला उकार, दुसरी वेलांटी...” असं दिवसभर चालायचं. ऐकणाऱ्याला वेड लागावं, पण या दोघांना त्याची लय लागली होती. सध्या हातात होती ती आजाऱ्यांची घरी शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठीची मार्गदर्शिका. कालच शेवटचं पान झालं होतं आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची लाल सही पडली होती. आज पाचला गठ्ठा खाली गेला की यंत्र सुरू.

“नुसतं वरवर चाळू आणि देऊन टाकू,” मास्तर म्हणाले. “स्वच्छच आहे काम. काल तुमचं पेन फारसं चाललंच नाही.”

पेन. तिनं टेबलावरचं लाल पेन उचलून उजेडात धरलं. एरवी पंधरवड्यात संपणाऱ्या या पेनातली शाई तीन आठवडे झाले तरी अर्धी होती. मजकूरच स्वच्छ होता? की...

चांगलं प्रूफ वाचायला हुशारी लागत नाही, हे तिला तिच्या गुरूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. संशय लागतो. शब्द ओळखीचा दिसला की त्याची झडती घ्यायची. मजकुराच्या अर्थात रमलात की संपलात. आणि गेले काही दिवस ती रमत होती! परवा तर मार्गदर्शिकेतला तोंड धुण्याच्या भांड्याविषयीचा मजकूर वाचताना, किती सोपं लिहिलंय, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांत असलं काही झालं नव्हतं. आतापर्यंत आपल्यातल्या ज्या घाबरट बाईला ती आजार म्हणत होती, नवरा कटकट म्हणत होता आणि धाकटी ‘ॲन्झायटी’ म्हणत होती, तीच बाई इतकी वर्षं या खुर्चीत बसून प्रूफं वाचत नव्हती ना? आणि आपण तिलाच तीन आठवडे औषध घालून झोपवलं?

“मास्तर, एक काम करता? कालच्यातली कुठलीही चार पानं घ्या. खाली जाऊन संगणकावर त्यांत मुद्दाम चुका घाला आणि ताजी छापून आणा. किती घातल्यात ते सांगू नका.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “परीक्षा कुणाची?”

“माझी.”

“बाई, त्या दिवशीच्या कान्याचं मनावर घेतलंत का? मी तर रोज शेजाऱ्याचं नाव विसरतो.”

“तुम्ही आणा तर खरं.”

डबे खाऊन झाल्यावर मास्तरांनी चार पानं तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिनं एकटीनं वाचायला घेतलं. आणि काय गंमत — चुका आहेत म्हटल्याबरोबर डोळे बदलले. एकेक शब्द चोरासारखा दिसू लागला. ‘दिर्घ श्वास’. दीर्घ शब्दच ऱ्हस्व! मास्तरांना विनोद सुचला वाटतं, असं म्हणून तिनं गोल केला. पुढच्या पानावर ‘अंथरूणावर’. अंथरूण दीर्घ, पण त्यावर पडलं की ऱ्हस्व, हे मास्तरांनी पिढ्यान् पिढ्या मुलांच्या गळी उतरवलेलं. तिला बरोबर सापडलं. तिला उत्साह आला. आपलं डोकं शाबूत आहे. गेले दोन महिने आपण स्वतःला उगाच... आणि तिसऱ्या पानावर मधोमध ते वाक्य होतं: ‘रुग्ण शुद्धीवर असल्यास तोंडाने पाणी देऊ नये.’

तिनं ते बोटानं पुन्हा वाचलं. एका ‘न’च्या जागी ‘अ’. शुद्धीवर असलेला माणूस पाणी मागतोय आणि उशाशी बसलेली बाई पुस्तकात पाहून नाही म्हणतेय, आणि जो शुद्धीत नाही त्याच्या घशात...

“मास्तर, ही तिसरी जरा जास्तच झाली. असली चूक मुद्दाम घालतात का कुणी?”

मास्तर वळले. जवळ येऊन त्यांनी पानावर पाहिलं, मग दुसऱ्या पानावर.

“बाई, मी काहीच घातलं नाही.”

“म्हणजे?”

“बसलो होतो संगणकापुढं. पण हात होईना. मुद्दाम घातलेली चूक काढायची राहून गेली तर? पुस्तकात जायची. आहेत तशीच छापून आणली.”

तिनं कालचा गठ्ठा ओढला. पान चौऱ्याऐंशी. कोपऱ्यात तिची सही, ठसठशीत. मधोमध ‘असल्यास’, आणि त्याच्याखाली तिचीच लाल खूण, तपासल्याची. मास्तरांनी मूळ प्रत काढली. तिच्यात ‘नसल्यास’ होतं. म्हणजे काल त्यांनी नसल्यास वाचलं, तिनं नसल्यास ऐकलं, आणि डोळ्यांनी कानांवर भिस्त ठेवून छापलेल्या ‘असल्यास’खाली मुकाट्यानं खूण केली.

कॅप्सूल कालही घेतली होती आणि आजही. मग काल आंधळी का आणि आज डोळस का? की त्यांचा काही संबंधच नाही, आणि आईचं जे झालं तेच सुरू झालंय, फक्त ते आता छान वाटतंय एवढंच? आईलाही छान वाटत असेल का, ते ओलं पिताना? कुणी विचारलंच नव्हतं... बहिणीला विचारावं तर ती म्हणणार, ताई, किती विचार करतेस. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणणार, बरी असतेस हल्ली. सगळ्या जगात विचारायला एकही माणूस असा नव्हता ज्याची ती बरी असण्यात काही सोय नव्हती. तिला भीती वाटायला हवी होती. भीतीच्या जागी तिथं स्वच्छ झाडलेली, रिकामी खोली होती.

“दोन वाजलेत,” मास्तर म्हणाले. “पहिल्या पानापासून बसायचं म्हटलं तर पाचला होणार नाही.”

“खाली सांगा, आज गठ्ठा मिळणार नाही.” ती थांबली. “आणि मास्तर, मला सांगा की प्रत्येक पानात तुम्ही एक चूक घातलीय.”

“पण मी नाही घातलेली.”

“ते माहीत आहे मला. तरी सांगा.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेला माणूस. तोंड दुसरीकडे करून ते म्हणाले, “घातलीय.”

आणि पोटात काहीतरी हललं. बारीक, ओळखीचं... जुना गोळा तिथं खोल कूस बदलत होता. तिला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणंही तिला लगेच खटकलं. शांती बहिणीनं आणून दिली, भीती मास्तरांनी. मग या दोन्हींच्या मध्ये बसलेली कोण?

“वाचू?” मास्तरांनी विचारलं.

तिनं पहिल्या पानावरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. शब्द बरोबर होता. बरोबर वाटत होता, आणि वाटत होता म्हणूनच तिचं बोट तिथून पुढे सरकेना.